दोघींनी उलटायचं पान

४ जून, बुधवार

ठमे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न उघडताच केराच्या डब्यात टाकलं असतंस, म्हणून पत्ता आमच्या मिस्त्रींकडून लिहून घेतलाय. वाचनालयाचे सुतार. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण पोचलं ना? मग झालं. तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, ती देत नव्हती. मी तिच्या सोफ्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा नाइलाजाने दिला.

अकरा वर्षांनी लिहिते आहे तर तब्येतीची चौकशी करायला हवी. तू बरी असशीलच. मी बरी आहे. गुडघे गेले, डोळे जायच्या वाटेवर आहेत, तोंड शाबूत आहे.

आता कामाचं. वाचनालयात मोठ्या पुस्तकांचं प्रदर्शन भरतंय. मोठ्या म्हणजे मापाने मोठ्या. कपाटात मावत नाहीत म्हणून जी तळघरात आडवी पडून असतात, ती सगळी. नव्या ग्रंथपालबाईंची कल्पना. बाई स्वतः पट्टी घेऊन तळघरात उतरल्या आणि हातापेक्षा लांब जे जे दिसलं त्याला चिठ्ठी लावून आल्या. शहराच्या गटारांचा बावीस फुटी नकाशा आहे, तो जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडणार म्हणे. गटारांना एवढा मान कधी मिळाला नसेल. कापडगिरणीची नमुन्यांची वही आहे. शरीराच्या चित्रांचं ते पुस्तक आहे, ज्यातल्या माणसाच्या पोटाची झडप उघडून तू लहानपणी ‘याने आज काय खाल्लंय’ बघायचीस. आणि हत्ती आहे.

बाबा वाचनालयात होते तेव्हा त्यांनीच त्याला हत्ती नाव ठेवलेलं. प्रत्येक रोप खऱ्या मापातच काढीन असा हट्ट धरणाऱ्या कुणा चित्रकाराचं पुस्तक, उभं केलं तर अजून माझ्या छातीला लागतं. बाबा म्हणायचे, एवढा हट्टी माणूस आपल्या घरात जन्मला असता तर मी घर सोडलं असतं. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, जन्मलाय.

हत्तीचं पान दर सोमवारी अकरा वाजता लोकांसमोर उलटायचं ठरलंय, म्हणजे एकाच चित्रावर महिनाभर उजेड पडून रंग उडायला नको. ते पान उलटायला दोन माणसं लागतात, आणि बाबांनी शिकवलेली माणसं आता दोनच उरलीत. त्यातली एक ३१ जुलैला निवृत्त होते आहे.

प्रदर्शन ७ जुलैला उघडेल. ये. चार सोमवार, बस्स. आपली खोली आहे तशीच आहे.

त्या कमळाच्या पानाचं मी मनात ठेवलेलं नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. माणसाच्या हातून चूक व्हायचीच.

तुझी ताई


१९ जून, गुरुवार

ठमे,

पंधरा दिवस झाले. ‘येते’ नाही, ‘येत नाही’ नाही, ‘मर’ नाही. निदान ‘मर’ तरी लिहायचंस, अक्षर बघायला मिळालं असतं.

तू येईपर्यंत मिस्त्रींना शिकवतेय. माणूस हाताचा चांगला. हत्तीसाठी त्यांनी केलेली लाकडी घोडी बघशील तर खूश होशील. दोन्ही बाजूंना उतार, मधे पाठीला आधार, सगळीकडे लोकर लावलेली. पण पान उलटायला सांगितलं की फळी उचलल्यासारखं उचलतात. मी म्हटलं, मिस्त्री, हा कागद आहे. तर म्हणतात, बाई, कागद पण लाकडाचाच होतो. घ्या! मी जुन्या वर्तमानपत्रांवर त्यांना घासून घेतेय. काल त्यांनी तीन पानं फाडली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मारणार आहे.

बाबांनी आपल्याला पलंगपोसावर शिकवलं होतं. तू सात वर्षांची, मी चौदाची. तू वरचा कोपरा धरायचीस, मी खालचा. आधी नुसतं सुटं करायचं, हवा आत जाऊ द्यायची. मग दोघींनी एका चालीने उचलायचं, मधे झोळ पडू द्यायचा नाही, आणि पलीकडे नेऊन टाकायचं नाही, निजवायचं. ‘तान्हं मूल आहे,’ बाबा म्हणायचे, ‘उठलं तर तुम्हीच सांभाळा.’ पुढे वाचनालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत वीस वर्षं आपण हेच केलं. तुझा श्वास ऐकून मी हात उचलायची. मला तेव्हा वाटायचं, यात काय एवढं, कुणालाही जमेल. आता मिस्त्रींचा श्वास ऐकते तर त्यात नुसती तंबाखू.

एकटीने ते पान उलटता येत नाही. कितीही हात लांब केले तरी लांबचा कोपरा मागे राहतो आणि सगळा ताण मधे येतो. हे मला माहीत आहे.

आईला पोचवायला तू आली होतीस. ओसरीवर बसलीस, मावशीशी बोललीस, शेजाऱ्यांशी बोललीस, अगदी आमच्या मांजराशीही बोललीस. माझ्यासमोर आलीस तेव्हा पाण्याचा पेला हातात घेतलास, प्यायलीस, खाली ठेवलास आणि गेलीस. मी तेव्हा मनात म्हटलं, बाई गं, चोर तो चोर वर शिरजोर. असं मी मनात म्हटलं. खरं सांगते आहे.

उत्तर लिही.

ताई


१ जुलै, मंगळवार

ठमे,

आज लिहायचंच होतं असं नाही. लिहावं लागतंय.

ग्रंथपालबाईंनी ठरवलंय की पहिल्या सोमवारी हत्ती कमळाच्या पानावरच उघडायचा. हे पान फाटलेलं आहे ना, म्हणूनच. ‘लोकांना कळू दे दुरुस्ती म्हणजे काय असते.’ तुझी दुरुस्ती त्यांना फार आवडली. चष्मा काढून, भिंग लावून बघितली आणि म्हणाल्या, जोड सापडतच नाही, कुणी केलीय? मी म्हटलं, माझ्या बहिणीने, नोकरी सोडायच्या आधी, तीन आठवडे बसून. तर त्यांनी जुन्या नोंदी बघून पाटी लिहून आणली. पाटीवर आहे: ‘कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे फाटलेले पान. त्याच कर्मचाऱ्याने ते दुरुस्त केले.’

मी म्हटलं, पहिली ओळ कशाला? त्या म्हणाल्या, खरं आहे ना? मग राहू द्या. लोकांना खरं आवडतं.

ठमे, मी ती पाटी हातात घेऊन दुरुस्तीच्या खोलीत येऊन बसले आणि मला उठवेना. मिस्त्री दारात आले, बघितलं आणि परत गेले.

तुला सगळं माहीत आहे की नाही, ते मला अकरा वर्षांत कळलेलं नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते.

त्या दिवशी फोटो काढणारा माणूस अकराला येणार होता, कमळाच्या पानाचा फोटो घ्यायला. आईच्या गोळ्या संपल्या होत्या, मीच तुला औषधाच्या दुकानात पिटाळलं. तू म्हणालीस, ‘ताई, मी येईपर्यंत हत्तीला हात लावू नकोस.’ मी म्हटलं, ‘मला शिकवू नकोस, तू पलंगपोसात गुरफटत होतीस तेव्हापासून उलटतेय.’ साडेदहा झाले, तू आली नाहीस. दुकानात गर्दी होती, तुझी काहीच चूक नाही. मला वाटलं, एकच तर पान. मी एकटीने उलटलं.

आवाज मोठा नसतो गं. वीतभर फाटलं, कोपऱ्यापासून थेट कमळाच्या देठापर्यंत. मी पान परत होतं तिथे निजवलं. हात धुतले. चहा घ्यायला गेले. चहा घ्यायला!

परत आले तेव्हा तू आली होतीस, फोटोवाला कॅमेरा लावत होता, जुने ग्रंथपाल बाजूला उभे होते. आपण पान धरलं. तू वरचा कोपरा, मी खालचा. उचललं आणि ते तुझ्या बाजूने उघडं पडलं. आणि सगळ्यांच्या आधी मी बोलले. ‘अगं, काय केलंस हे!’

मी काही ठरवून म्हटलं नाही. आपोआप बाहेर पडलं. पण पडलं, आणि मी ते परत घेतलं नाही. मला त्या महिन्यात विभागाची प्रमुख करणार होते. आईचं सगळं माझ्यावर होतं. ही कारणं मी अकरा वर्षं रोज उजळते आहे, त्यांना चांगली चकाकी आली आहे.

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, ‘चुकलं.’

मला वाटलं, तुला खरंच वाटतंय की तुझ्या हातून झालं. हे मी स्वतःला सांगितलं. तीन आठवड्यांनी तू नोकरी सोडलीस, मी म्हटलं, लाजेने सोडली. गाव सोडलंस, मी म्हटलं, अभिमानी आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते मी दुसऱ्यांच्या घरांबद्दल म्हणत आले.

उद्या बाईंना सांगणार आहे.

ताई


३ जुलै, गुरुवार

ठमे,

सांगितलं.

बाई ऐकत होत्या, हातातलं पेन्सिल-रबर खाली ठेवलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘तुमचा महिना राहिलाय. आत्ता सांगून तुम्हाला काय मिळालं?’ मी म्हटलं, ‘पाटी बदला.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणता म्हणून नाही बदलता येणार. तेव्हाचा लेखी जबाब फाइलमध्ये आहे.’

मला जबाबाचं माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, झालं. बाईंनी फाइल मागवली. पानं पिवळी पडलीत, टाचणीला गंज चढलाय. तुझं अक्षर. मला वाटतं तू तीनदा कच्चं लिहून मग उतरवलं असणार, कारण एकही खाडाखोड नाही.

मी ते पाठ केलंय. ‘सकाळी साडेदहाच्या सुमारास मी कुणाची वाट न बघता कमळाचे पान एकटीने उलटले. लांबचा कोपरा मागे राहिला व पान फाटले. घाबरून मी ते पूर्ववत ठेवले व बाहेर गेले. माझी बहीण त्या वेळी आईची औषधे आणायला गेली होती. तिला यातले काही माहीत नाही. तिला विचारू नये.’

ठमे! तू मला औषधं आणायला पाठवलंस! मी जे केलं ते सगळं तू ओळीनं लिहिलंस, मी चहाला गेले तेसुद्धा, आणि आपली नावं तेवढी अदलाबदल केलीस. कसं कळलं तुला? फाट बघून कळलं असणार. आपण दोघींनी धरलेलं पान फाटलं तर कडेला फाटतं, कोपऱ्यापासून थेट मधे जाणारी फाट म्हणजे एकटीचं काम. हे जगात दोघींनाच कळणार, आणि तू तिथल्या तिथे, माझे शब्द संपायच्या आत ओळखलंस.

आणि तरी म्हणालीस, चुकलं.

मी बाईंसमोर रडले. मला रडताना बघून त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या. त्यांनी मला पाणी दिलं, कोरा कागद दिला, म्हणाल्या, ‘लिहा तुमचा जबाब.’ मी लिहिला. माझ्यात खूप खाडाखोड आहे.

पाटी बदलली. आता आहे: ‘हे पान दुरुस्ती विभागाच्या प्रमुखांच्या हातून फाटले. दोष मात्र त्यांच्या बहिणीने घेतला व दुरुस्तीही तिनेच केली.’ खाली तुझं पूर्ण नाव. बाई म्हणाल्या, एवढं खासगी पाटीवर शोभत नाही. मी म्हटलं, शोभायला लावलेलीच नाही.

सोमवारी उद्घाटन. तू आलीस तर मिस्त्री आनंदाने बाजूला होतील, त्यांना रोज घाम फुटतोय.

ताई


२१ जुलै, सोमवार

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर, तेही पोस्टकार्डावर, टपालवाल्यापासून सगळ्यांना वाचता येईल असं. वाचू दे.

आज तिसरा सोमवार. मिस्त्री आणि मी. शंभरेक माणसं दोरीपलीकडे होती. पान नीट निजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिस्त्रींनी घाम पुसला आणि मी खोलीत येऊन तुझं कार्ड पुन्हा काढलं. तू लिहिलंयस:

‘ताई, पानाचा राग मला कधीच नव्हता. ते मी समजून-उमजून अंगावर घेतलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी वाट बघत होते, तू काहीतरी बोलशील. घरी वाट बघितली. जेवणं झाली, तू म्हणालीस, उद्या नळाला लवकर पाणी येणार आहे, लवकर उठ. तीन आठवडे मी तुझ्या शेजारी बसून तू फाडलेलं पान जोडत होते. तू मला खळ कालवून द्यायचीस आणि म्हणायचीस, घाई करू नकोस, हात जड आहे तुझा. आताही चार पत्रं लिहिलीस. फाट कशी पडली ते लिहिलंस, पाटीचं लिहिलंस, मिस्त्रींच्या घामाचंही लिहिलंस. मी चारही पत्रं दोनदा वाचली. तो एक शब्द कुठेच नाही. आता मला नकोय. येऊ नकोस.’

मी माझी पत्रं काढून वाचली नाहीत, माझ्याकडे ती नाहीतच. पण आठवून बघितली. खरं आहे तुझं. कारणं आहेत, रडणं आहे, म्हणी आहेत. तो शब्द नाही. ‘हात जड आहे तुझा’ हे मला आठवतच नव्हतं, आणि तू लिहिल्यावर माझाच आवाज कानात ऐकू आला. किती सहज म्हणायची मी ते!

ठमे, तो शब्द मी कागदावर लिहिणार नाही. रागावू नकोस, पुढचं वाच. कागदावर काय, मी जन्मभर कागदाच्याच आड बसत आले. तो तुझ्या तोंडावर म्हणायचा आहे. तुझ्यासमोर उभी राहून, तुझ्या डोळ्यांत बघून. तू काही बोलू नकोस. चहा विचारू नकोस, बस म्हणू नकोस. फक्त दार उघड. मी म्हणेन आणि उलट्या पावली जाईन.

रविवारी सकाळच्या बसने निघते. बारापर्यंत पोचेन.

ताई


२७ जुलै, रविवार, बसथांबा

ठमे,

तुझ्या दाराला कुलूप आहे.

मी आधी वाजवलं. कुलूप दिसत असून वाजवलं. मग कुंड्यांमागे, खिडकीच्या फटीतून, वेड्यासारखं बघितलं. तुझा ओटा स्वच्छ आहे, पायपुसणं झटकलेलं आहे. भिंतीला टेकून बसले. म्हटलं, बाजारात गेली असेल, येईल. एक वाजला. पुस्तक वाचायला आणलं होतं, एक ओळ गेली नाही डोक्यात.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही ताई ना?’

मी हो म्हटलं.

‘त्या सकाळी गेल्या. परवा येतील. मला म्हणाल्या, माझी बहीण येईल. पायरीवर बसून राहील, उठणार नाही, हट्टी आहे. प्रवासात ती काही खात नाही, तेव्हा तिला आत घ्या, गरम वाढा. आणि चारच्या बसला बसवून द्या.’

मी म्हटलं, ‘आणखी काही म्हणाली?’

‘नाही. हां, म्हणाल्या, तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तिला खालच्या खोलीत बसवा.’

माझे गुडघे मी तुला एकदाच, पहिल्या पत्रात लिहिले होते, तेही थट्टेत. तू ते वाचलंस आणि लक्षात ठेवलंस, आणि आज सकाळी दाराला कुलूप लावून गेलीस.

मी त्यांच्याकडे जेवले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी दोनदा वाढलं. तुझ्याबद्दल काय काय सांगत होत्या: मुलांच्या शाळेत पुस्तकं बांधायला शिकवतेस, गल्लीतल्या सगळ्यांच्या फाटक्या वह्या तुझ्याकडे येतात, कुणाशी भांडत नाहीस. त्यांना वाटत होतं मला हे सगळं माहीत आहे. मी मान हलवत होते. मग विचारलं, तिने कधी माझ्याबद्दल सांगितलं? त्या म्हणाल्या, ‘आज सकाळीच पहिल्यांदा कळलं की त्यांना बहीण आहे.’

आता त्या माझ्या शेजारी बसथांब्यावर बसल्यात, मला बसवून द्यायला. हा कागद त्यांच्याच मुलीच्या वहीतला आहे. पत्र त्यांच्याच हातात देणार आहे.

तोंडावर म्हणायचं होतं. तू तोंड दिलं नाहीस. तुझा हक्क आहे. तर मग कागदावर.

ते पान मी फाडलं. लोकांसमोर तुझ्यावर ढकललं. तू मला वाचवलंस आणि मी तुला घरात, आपल्या दोघींच्या खोलीत, दार लावूनसुद्धा एक शब्द दिला नाही. चुकलं माझं. चुकलं, ठमे. माफ कर असं म्हणत नाही, ते मागायची माझी लायकी नाही. नुसतं चुकलं.

तू दार तोंडावर आपटलं असतंस तर मी भांडले असते, ओरडले असते, तुझ्या पायरीवर रात्रभर बसले असते. मला ते येतं. पण तू मला जेवू घालून परत पाठवलंस. त्याच्यावर काय बोलायचं असतं, ते मला येत नाही.

बस आली. बाई माझी पिशवी धरून उभ्या आहेत.

ताई